सन्माननीय थकबाकीदार

पेण, ३ मार्च

स्वस्ति श्री. पेणनगरीमुद्रणचक्रचूडामणी, लग्नपत्रिकालंकार, मानपत्रमार्तंड, ऱ्हस्वदीर्घदंडाधिकारी, वाचनालयाचे तीन वेळा बिनविरोध आणि एकदा प्रचंड विरोधासह निवडून आलेले कार्यवाह, वडखळ नाक्यापासून जिते स्थानकापर्यंतच्या समस्त मुंजी, बारशी व षष्ट्यब्दिपूर्तीच्या निमंत्रणांचे एकमेव कर्ते, द्विचक्रिकारूढ, मधुमेहमंडित श्रीमान पुंडलिकराव यांजकडून, रोहाक्षेत्रनिवासिनी, अन्नपूर्णापदविभूषिता, औद्योगिक वसाहतीतील तिन्ही पाळ्यांच्या जठराग्नीची शांती करणारी, दोन वर्षे अखंड मौनव्रत आचरणारी कनिष्ठ भगिनी सौ. संध्या हिजप्रत अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू फाडशील असे गृहीत धरून महत्त्वाचा मजकूर वरच्या अर्ध्या भागात घालतो, म्हणजे फाडता फाडता तरी दृष्टीस पडेल.

तुझ्याकडे हिरव्या कडेचे, जाड कागदाचे एक पत्र येईल. कदाचित आलेही असेल. शिरोभागी ‘कर-दिलासा सेवा केंद्र, वडखळ’ असे असेल. आत लिहिले असेल की खानावळीची थकलेली घरपट्टी, तीवरचे व्याज आणि शास्ती हे सर्व एका विशेष योजनेखाली एकतृतीयांशात कायमचे मिटते. रक्कम केंद्राकडे भरावी आणि मुक्तिपत्र घ्यावे. भरू नकोस. अशी कोणतीही योजना अस्तित्वात नाही. रक्कम जाते, थकबाकी राहते. खरी सवलत शास्तीपुरती आहे, ती नगरपरिषदेच्या खिडकीवर आहे आणि ३१ मार्चपर्यंतच आहे. त्यानंतर टाळे.

तुझे नाव थकबाकीदारांच्या फलकावर लागले आहे हे मला निशिगंधेकडून मुळीच कळलेले नाही. तरी मुलीवर रागावू नकोस.

आता तुला वाटेल, या गृहस्थास हे ज्ञान कोठून झाले? आमच्या गल्लीत सीताबाई पापड-मिरगुंडे करतात. त्या मागच्या आठवड्यात ते हिरवे पत्र घेऊन मुद्रणालयात आल्या.

“पुंडलिकभाऊ, याला पलास्टिक मारून द्या.”

“कशासाठी?”

“देवाजवल ठेवायचंय. साठ वर्सांत पयल्यांदाच कुनी मला सन्माननीय लिवलंय.”

त्यांनी पैसे आधीच भरले होते. दुसऱ्याच दिवशी वसुलीवाले दारात आले. सीताबाईंनी मोठ्या तोऱ्याने ते पत्र पुढे केले. त्यांच्यातल्या एकाने ते दोनदा वाचले आणि विचारले, “आजी, मुहूर्त कधीचा आहे?”

सीताबाई आमच्या पायरीवर बसून रडल्या. मी त्यांना पाणी दिले. आणखी काही देण्यासारखे त्या क्षणी माझ्याजवळ नव्हते.

ते पत्र मीही वाचले आहे. हेतू अधम आहे. भाषा मात्र प्रासादिक आहे, हे शत्रूलाही मान्य करावे लागेल. विशेषतः तिसरा परिच्छेद. असो.

उत्तर सविस्तर नको. ‘भरले नाहीत’ एवढे दोन शब्द पुरेत. आमचे मेहुणे रमेशराव यांस नमस्कार सांगावा. ते स्वीकारणार नाहीत, तरी सांगावा.

तुझा (पदव्या वर दिल्याच आहेत),
पुंडलिक


पेण, ७ मार्च

स्वस्ति. मुद्रणचक्रचूडामणी इत्यादी इत्यादी यांजकडून मौनव्रतस्थ भगिनीस आशीर्वाद.

दोन शब्द आले नाहीत.

तुझी कन्या सकाळच्या गाडीने पेणला येते, दिवसभर लोकांचे रक्त तपासते आणि दुपारच्या सुट्टीत माझा डबा संपवते. तिच्याच हाती ते पत्र दिले होते. काल तिची साक्ष घेतली.

“आईने पत्र वाचलं?”

“वाचलं.”

“मग?”

“मग भाकऱ्या थापायला बसली.”

“चेहरा कसा होता?”

“मामा, ती भाकरीकडे बघत होती. मला चेहरा कसा दिसणार?”

या पिढीस निरीक्षणशक्ती नाही. मी पुन्हा विचारले, “पैसे भरले का, ते बोलली?” तर म्हणाली, “तू तिलाच विचार ना. दोघांनी मला पोस्टमन करून ठेवलंय.” आणि माझ्या डब्यातली शेवटची पोळी उचलली.

माझी अवस्था सांगू नये अशी आहे, म्हणून सांगतो. यंत्र चालू करतो आणि कागद घालायचा विसरतो. बसलो की उठावेसे वाटते, उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही. वाचनालयाच्या अहवालात ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ या जागी ‘वार्षिक थकबाकीसंमेलन’ छापले आणि दोनशे प्रती वाटूनही झाल्या. अद्याप एकाही सभासदाने तक्रार केलेली नाही, यावरून अहवाल कोण वाचते ते कळले.

मागील पत्रात एक बाब स्थलाभावी राहून गेली. ते हिरवे पत्र माझ्या मुद्रणालयात छापले गेले आहे.

केवळ छापले गेले आहे. मुद्रक हा वाहक असतो. एसटीच्या वाहकास प्रवाशाच्या चारित्र्याचा दाखला कोणी मागत नाही.

जानेवारीत एक तरुण आला. नाव मितेश. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर ओळख पटेल असे काही नाही. मुखावर अखंड हास्य. म्हणाला, “सर, छापायला काय, कुठंही मिळतं. पण मी दहा जणांना विचारलं, तर सगळे म्हणाले, पेणमध्ये भाषा एकाच माणसाकडे हाय.”

आता यावर एखाद्याने काय करावे? माणूस सत्य बोलत होता. मी त्यास बसावयास सांगितले आणि चहा मागवला. त्याच्याजवळ थकबाकीदारांची नावे होती. फलकावर जाहीरच असतात, ती त्याने भ्रमणध्वनीत टिपून आणली होती. पेणची होती, रोह्याची होती. मी नावे वाचली नाहीत. नावे छापायची नव्हती, ती तो हाताने घालणार होता.

काल वडखळला जाऊन आलो. वेफर्सच्या दुकानावरच्या माळ्यावर ते केंद्र होते. आता तेथे कुलूप आहे आणि दारावर अर्धवट खरवडलेला दिलासा आहे. दुकानदार खालून ओरडला, “कोन पायजे? ते गेले अमावस्येलाच. भाडं पन बुडवलंय. तुमचं काय अडकलंय काय?”

“बिल,” मी म्हणालो.

खरे तर दुसरेच काही म्हणणार होतो.

संध्ये, पैसे भरले असतील तर तसे कळव. भरले नसतील तर तसे कळव. काहीही कळव. कोऱ्या पाकिटातून हळदीचा डाग पाठवलास तरी मी त्याचा अर्थ लावीन; आयुष्यभर दुसरे काय केले?

तुझा,
पुंडलिक

ता. क. त्या पत्राच्या अखेरीस एक वाक्य आहे. ते तुला ओळखीचे वाटल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.


पेण, १२ मार्च

संध्या,

काल निशिगंधा आली. डबा उघडला नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

“आईने पैसे भरलेत, मामा. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आधीच भरले होते. बँकेतली ठेव मोडली.”

“अगं, पण भरायला सांगितलं कोणी तिला?”

“तूच.”

मी म्हणालो, मी कसा सांगीन? मी तर सावध केले. तेव्हा तिने सगळे सांगितले. ती सांगत होती आणि मी समोरचा पट्टीने आखलेला कागद पुन्हा आखत होतो.

वसुलीवाले ताशा घेऊन आले, ती वेळ दुपारची होती. पहिल्या पाळीची माणसे जेवायला बसलेली. दारात ताशा कडकडत राहिला आणि तू आत भात वाढत राहिलीस. जेवणारांपैकी कोणी उठले नाही. कोणी मानही वर केली नाही. पण नंतर आठवडाभर निम्मी माणसे दुसरीकडे जेवली. त्यांना तुझ्याकडे पाहावे लागू नये म्हणून नव्हे. तुला त्यांच्याकडे पाहावे लागू नये म्हणून. हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी काय केले असते, हेही ठाऊक नाही.

आणि मग ते हिरवे पत्र आले. निशिगंधा म्हणाली, तू ते उभ्यानेच वाचलेस, शेवटपर्यंत आलीस आणि चुलीशी बसलीस. ‘आपले समाधान हाच आमचा उत्कर्ष.’ तुझ्या लग्नपत्रिकेत मी ‘आपली उपस्थिती हाच आमचा उत्कर्ष’ असे घातले होते, आणि सगळी आळी हसली होती. तू नंतर वर्षभर मला उत्कर्षभाऊ म्हणत होतीस.

“आई बाबांना म्हणाली,” निशिगंधा सांगत होती, “‘अवो, हे भाऊनं लिवलंय. त्याला आपलं नाव लागल्याचं समजलं आसंल. तोंडानं बोलवत नाय, म्हनून आसं आडून पाठवलंय. एवढा तो वाकलाय, तर तुमी पन आता सोडून द्या.’ बाबा दुसऱ्या दिवशी स्वतः वडखळला जाऊन भरून आले.”

संध्ये, तू त्या कंपनीवर विश्वास ठेवला नाहीस. तू मला क्षमा केलीस आणि त्याची पावती म्हणून पैसे भरलेस. मितेशने तुझी ठेव नेली. हे दुसरे जे होते, ते मी माझ्या हाताने त्याच्या पाकिटात घालून दिले.

तर आता लपवण्यासारखे फारसे राहिले नाही. ते पत्र अक्षरशः मी लिहिले. मितेशने दिलेला मसुदा चार ओळींचा होता: पैसे भरा, नाहीतर जप्ती. मीच म्हणालो, छे, असे लिहून कोण येईल? लोकांना भीती घालू नये, त्यांना मान द्यावा. ‘सन्माननीय करदाते महोदय’ हे माझे. ‘परिस्थितीच्या प्रतिकूलतेने आपणांस क्षणभर विलंब झाला असेल, परंतु आपल्या सचोटीविषयी आम्हांस तिळमात्र संदेह नाही’ हे माझे. पगार उशिरा आलेला, पीक बुडालेले, दुकान न चालणारे असे शेकडो लोक त्या फलकावर आहेत. त्यांना गावाने नावानिशी टांगले, दारात ताशा वाजवला. त्यांना आदरार्थी बहुवचन देणारा पहिला माणूस लबाड निघाला, आणि ते बहुवचन त्याला मी पुरवले. सीताबाईंना पैसे गेल्याचे दुःख आहेच; पण ते पत्र त्यांनी अजून देवाजवळून काढलेले नाही.

आणखी एक. पेणच्या फलकावर अकरावे नाव माझे आहे. मुद्रणालयाची घरपट्टी तीन वर्षांची राहिली आहे. मितेश म्हणाला, “सर, तुमचं बिल आणि तुमची थकबाकी, फिट्टमफाट करून टाकू.” मी बिल सोडले आणि मुक्तिपत्र घेतले. चौकटीत बसवून यंत्राच्या वर लावले. तो मजकूर मीच रचला होता, संध्ये, मीच जुळवला, मीच छापला. आणि माझ्याच मजकुरावर माझाच विश्वास बसला.

परवा मी रोह्यास आलो होतो. स्थानकावरून चालत तुझ्या खानावळीसमोरच्या पंक्चरवाल्यापर्यंत आलो. त्याने विचारले, “गाडी कुठंय?” मी म्हणालो, गाडी नाही. तो म्हणाला, “मग हितं काय काम?” आत रमेशराव ताटे वाढत होते. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते ताटे वाढतात हे मला कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या निरोपसमारंभात मी मानपत्र वाचले ते मला तेथे उभ्या उभ्या आठवले: ‘ज्यांच्या गाढ निद्रेमुळे रात्रपाळीस अपूर्व शांतता लाभली.’ सभागृह किती हसले होते, आणि त्या दिवसापासून तू बोलली नाहीस. ते मानपत्र त्यांनी घरी नेले नाही. ते अजून माझ्या कपाटामागे उभे आहे.

परत फिरलो.

३१ तारखेपर्यंत खिडकीवर पैसे गेले नाहीत तर खानावळीला टाळे लागेल. निशिगंधेने तसे सांगितले आणि मग म्हणाली, “आई कुणाकडं मागनार नाय. तुला म्हायतेय.”

मला माहीत आहे.

पुंडलिक


पेण, २० मार्च

संध्या,

शिमगा झाला. यंदा पालखीच्या निमंत्रणाचा मजकूर मंडळाने स्वतःच लिहिला. चुका सात आहेत. मोजल्या आणि सोडून दिल्या.

सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. तेथील अधिकारी सज्जन होते. त्यांनी हिरवे पत्र वाचले, उलटून पाहिले, पुन्हा वाचले.

“हे तुम्ही लिहिलं?”

“होय.”

“मग आधी याचा अर्थ सांगा. त्याशिवाय नोंदवू काय?”

मी समास सोडवू लागलो. ते लिहून घेऊ लागले. ‘म्हणजे काय?’ ‘म्हणजे काय?’ असे करीत चार परिच्छेद पार झाले, आणि शेवटी त्यांच्या कागदावर दोनच शब्द उरले: पैसे द्या. ते त्यांनी मला वाचून दाखवले आणि विचारले, “बरोबर?” माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाचे एवढे अचूक परीक्षण कोणी केलेले नाही. मितेशचा तपास चालू आहे. त्याचा क्रमांक लागत नाही. गळ्यातल्या पट्ट्यासकट तो कोठल्या तरी दुसऱ्या नाक्यावर दुसऱ्या एखाद्या भाषाप्रभूसमोर चहा पीत असणार.

बाहेर आलो तरी पाय घराकडे वळेनात. हिरवी पत्रे अजून लोकांच्या घरी आहेत. कोणी तरी आजही त्याला फोन लावत असेल. तेव्हा जगनकडे गेलो. जगन म्हणजे भोंगेवाला. रिक्षाच्या टपावर कर्णे बसवून सर्कशीपासून श्राद्धापर्यंत सर्व काही गावभर ओरडतो. त्यास मी मजकूर दिला: ‘समस्त करदात्या बंधुभगिनींस सविनय अवगत करण्यात येते की...’

जगनने दोन ओळी वाचल्या. “काका, हे आयकून लोक कापडं बदलून भायेर येतील.”

“का?”

“जेवन हाय वाटंल.”

मी दुसरा लिहिला. तो म्हणाला, “यात आता सत्कार नाय, पन उद्घाटन हाय.” तिसऱ्याला त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, “काका, मी त्या पत्रावरनं भरायला निघालोय. पैशे माझ्या हातात हायत. तुमी मला रस्त्यात गाठलंत. बोला.”

मी बोललो. तो म्हणाला, “हेच. हे लिवा.”

तर तो मजकूर असा झाला:

‘हिरव्या कडेचं पत्र खोटं आहे. त्यांना पैसे देऊ नका. दिले असतील तर पोलिसांना सांगा. घरपट्टी खिडकीवरच भरा, ३१ तारखेच्या आत. ते खोटं पत्र मी लिहिलं होतं. मी पुंडलिक, पेणचा छापखानेवाला.’

“शेवटची दोन वाक्यं ठेवायची?” जगनने विचारले.

“ठेव.”

“धंदा बसंल हां.”

“ती नसतील तर लोक म्हणतील, हेही कोणी तरी पैसे देऊन बोलवून घेतलंय.”

“मंग तुमीच बोला. माझ्या आवाजात ते खोटं वाटंल.”

म्हणून मी बोललो. पेणमध्ये दोन दिवस तो आवाज फिरला. स्वतःचा आवाज चौकाचौकात आपल्या आधी पोचलेला असणे ही चमत्कारिक गोष्ट आहे. दोन लग्नपत्रिका रद्द झाल्या. वाचनालयाच्या अध्यक्षांनी ‘आपली प्रकृती बरी नसावी’ असे सुचवले. एकाने दुकानासमोर गाडी थांबवून ‘मानपत्रमार्तंड!’ म्हणून हाक मारली आणि मी वळून पाहिले, हे विशेष. पण अकरा जण हिरवी पत्रे घेऊन आले. त्यांपैकी तिघांनी पैसे भरले नव्हते. ते तीन मी पुन्हा पुन्हा मोजतो.

मग रोहा. तुला हे ठाऊकच आहे. पण तू दाराआड होतीस आणि मी रिक्षात, तेव्हा माझ्या बाजूने काय दिसले ते सांगतो. रमेशराव हातात पळी घेऊन बाहेर आले.

“बंद कर तो भोंगा. जेवतायत लोक.”

जगनने बंद केला. रस्ता इतका शांत झाला की पळीतून आमटी टपकलेली ऐकू आली.

“हे तुमीच लिवलंत?” ते मला म्हणाले.

“होय.”

“समदं समजलं.”

त्यांनी पळी दुसऱ्या हातात घेतली.

“माझ्या निरोपाला आसं का नाय लिवलंत? ‘रमेश आला, तीस वर्सं शिफ्ट केल्या, घरी गेला.’ येवढं पुरलं आसतं मला.”

संध्ये, जे खरे होते तेच तोंडातून गेले. मी म्हणालो, “चौकट मोठी होती, रमेशराव. जागा भरायची होती.”

ते हसले नाहीत. मग म्हणाले, “आता दुसरी गल्ली घ्या. हितं समद्यांना समजलंय,” आणि आत गेले. दाराशी एक हात दिसला, ताट पुसणारा. एकच ताट बराच वेळ पुसले जात होते.

कागद कापण्याचे यंत्र विकले. ते पैसे या पत्रासोबत निशिगंधेकडे देत आहे. खिडकीवर भर. याला काहीही नाव देऊ नकोस. मी दिलेल्या नावांचे काय होते ते आपण पाहिले.

पुंडलिक


पेण, २९ मार्च

संध्या,

पाकीट परत मिळाले. न उघडता. निशिगंधेने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि तुझा निरोप सांगितला. तिने तो पाठ करून आणला होता असे दिसले, कारण भिंतीकडे पाहून बोलली.

“आई म्हणाली, कॅन्टीनच्या ठेकेदाराकडून पुढच्या महिन्याचे डब्याचे आगाऊ घेतले. अर्धे खिडकीवर भरले. उरलेल्याला लेखी मुदत दिलीय पावसाळ्यापर्यंत. टाळं लागनार नाय. आई म्हणाली, हे पैशे सीताबाईंना दे. त्या पापडांवर जगतात, मी भातावर. भाताला गिऱ्हाईक रोज येतं.”

“आणखी काही म्हणाली?”

“नाय.”

“काहीच नाही?”

“मामा, एवढं बोलली हेच खूप हाय गो बाई.” मला गो बाई म्हणाली. घाईत असते.

तर पैसे सीताबाईंना दिले. त्यांनी मोजून घेतले, कनवटीला लावले, आणि ते हिरवे पत्र देवाजवळून काढून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, “तुमीच लिवलं ना? मंग तुमीच ठेवा. पन ते सन्माननीय तेवढं कापून द्या मला.” कापण्याचे यंत्र विकले असल्यामुळे कात्रीने कापून दिले. कड सरळ आली नाही.

काल मी पेणच्या खिडकीवर रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्या माणसाने मागे वळून पाहिले, ओळखले आणि पुन्हा पुढे पाहिले. तीन वर्षांची घरपट्टी भरली. त्यासाठी मोठी द्विचक्रिका विकली, आता जुनी सायकल आहे. पावतीवर माझे नाव एकेरी आहे, तेही चुकीच्या वेलांटीसह. मी दुरुस्त करा म्हणालो नाही. पावती घडी घालून खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत दोनदा चाचपली. मुक्तिपत्राची चौकट भिंतीवरून काढली. तिच्यात काय घालावे ते ठरत नाही. रमेशरावांना सांग, एका ओळीचे मानपत्र मला येऊ लागले आहे, पण ती ओळ त्यांनी आधीच रचून ठेवली आहे आणि तिच्यात मला काही सुधारता येत नाही. चौकट मात्र अजून मोठीच आहे.

उद्या पाडवा. यायचे मनात आहे. पण बोलावणे नसताना येणारा मनुष्य दारात ताशा घेऊन येणाऱ्यासारखाच, म्हणून विचारतो आहे. उत्तर नको. निशिगंधा सोमवारी येईल तेव्हा तिचा चेहरा पाहून घेईन, तोवर पाडवा झालेला असेल.

डबा पोचला. निशिगंधा म्हणाली, “आईने दिलाय,” आणि कोणासाठी ते म्हणाली नाही. पण पेणमध्ये तिला दुसरे नातेवाईक नाहीत. वालाचे बिरडे होते. दोन वर्षांनी खाल्ले. मीठ किंचित अधिक होते; बोटाने सगळे पुसून घेतले.

तक्रार आहे ती झाकणाची. हे झाकण या डब्याचे नव्हे. दोन बोटे लहान आहे, आत पडते. पेणच्या अलीकडे गाडी हलली तेव्हा बिरड्याचा रस निशिगंधेच्या पिशवीत सांडला, तेथून माझ्या टेबलावर, आणि टेबलावर एकुलत्या एका उरलेल्या लग्नपत्रिकेचे मुद्रित होते, त्यावर वराच्या नावासकट पिवळा डाग पडला आहे. वराकडील मंडळी उद्या येणार. शिवाय याचे खरे झाकण तुझ्या फळीवर दुसऱ्याच कोणत्या तरी डब्यावर बसवलेले असणार, म्हणजे तेथेही ते नीट बसत नसणार. डबा घासून, पुसून ठेवला आहे; पण झाकणाविना परत कसा पाठवावा आणि हे झाकण कोणत्या डब्याचे समजावे? शाईच्या डब्यावर बसवून पाहिले. तेथेही बसत नाही.

पुंडलिक